साताऱ्याचा कागदवेडा रावबहादूर

खंडेनवमीला आपल्याकडच्या जुन्या वाड्यांमध्ये एक कार्यक्रम ठरलेला असतो. माळ्यावरच्या, देवघरामागच्या वस्तू खाली येतात. तलवार, कट्यार, एखादा भाला. आणि काही घरांत एखादी ठासणीची बंदूकही. मग सगळं चकचकीत करायचं. पूर्वी चिंच आणि राख असायची, आता पॉलिश पेपर आणि पितळ घासायची पावडर. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ, हळदकुंकू आणि फॅमिली ग्रुपवर फोटो.

तासगावकडच्या एका मित्राच्या आजोळी मी हे पाहिलं. बंदूक शिकारीची होती. चाप गंजून बसलेला, नळीचा कान बुजलेला, म्हणजे आता नुसती शोभेची वस्तू. मित्राची आजी सांगत होती की ती लग्न होऊन आली तेव्हा चापाशेजारच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरं आणि एक वेलबुट्टी होती. आता तिथं आरशासारखी गुळगुळीत पट्टी आहे. मामांनी दरवर्षी अगदी मनापासून घासली. अक्षरं गेली आणि त्यांच्याबरोबर ती बंदूक कुणी बनवली, कोणत्या गावात, साधारण कधी, हेही गेलं. मामांना हे सांगायचं धाडस मला झालं नाही. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी परत येताना एसटीत मी या पानासाठी एका माणसाबद्दल वाचत होते. बंदूक सारखी डोळ्यांपुढे येत होती, कारण त्या माणसानं आयुष्यभर एकच शर्यत लावली होती. एखाद्या गोष्टीवरची अक्षरं पुसली जाण्याआधी तिथं पोचायचं. त्यांचं नाव दत्तात्रय बळवंत पारसनीस. गाव सातारा.

राज्य गेलेलं गाव

पारसनीसांचा जन्म २७ नोव्हेंबर १८७० चा. त्या वेळचा सातारा डोळ्यांपुढे आणायचा तर आधी एक तारीख लक्षात ठेवायला हवी. ५ एप्रिल १८४८ ला छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब वारले. त्यांनी दत्तक घेतला होता, पण ईस्ट इंडिया कंपनीनं तो मानला नाही आणि राज्य खालसा केलं. म्हणजे दत्तात्रय जन्मला तेव्हा सातारा ही राजधानी राहिली नव्हती, जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. पण राजवाडा तिथंच होता, अजिंक्यतारा तिथंच होता आणि राज्य पाहिलेली म्हातारी माणसं अजून ओट्यावर बसत होती.

१८५७ मध्ये सातारच्या गादीसाठी उठाव करायचा बेत फुटला आणि सप्टेंबरमध्ये गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड दिला गेला. कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या. त्यानंतर हत्यारांवर नजर आली. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरला, तेव्हा दत्तात्रय सात वर्षांचा होता. घराघरांतली शस्त्रं जमा झाली, लपवली गेली किंवा गंजत पडली. कागदांचीही तीच गत. राज्य गेलं की त्याच्या हिशेबांना, पत्रांना, करारांना कोण विचारतो?

आडनावातच कागद होता म्हणा. पारसनीस म्हणजे मुळात फारसनवीस, दरबारात फारसी पत्रव्यवहार पाहणारा. दत्तात्रयचं शिक्षण साताऱ्यातच मॅट्रिकपर्यंत झालं. कॉलेजची पायरी त्यांनी चढली नाही. पण ज्या वयात आपण कॉलेजच्या भित्तिपत्रकाला लेख द्यावा की नाही यावर चार दिवस विचार करतो, त्या वयात त्यांनी ‘महाराष्ट्र कोकिळ’ नावाचं मासिक चालवायला घेतलं होतं.

झाशीच्या राणीचा शोध

१८९४ मध्ये पारसनीसांचं राणी लक्ष्मीबाईंचं चरित्र प्रसिद्ध झालं. लेखक तेविशीत. आज राणीवर सिनेमे आहेत, मालिका आहेत, शाळेत गाणी आहेत. १८९४ मध्ये असं काही नव्हतं. उठाव होऊन चाळीस वर्षंही झाली नव्हती आणि इंग्रजांच्या लेखी राणी ही जून १८५७ च्या झाशीतल्या कत्तलीची गुन्हेगार होती. अशा बाईचं चरित्र लिहिणं ही सुरक्षित नोकरी शोधणाऱ्या तरुणानं करायची गोष्ट नव्हती.

त्यांनी इंग्रजी पुस्तकं वाचलीच, पण तिथं थांबले नाहीत. राणीचा दत्तक मुलगा दामोदरराव तेव्हा इंदूरला हयात होता. पाठीवर बांधलेलं मूल म्हणून पुतळ्यांमध्ये दिसतं ना, तेच. पारसनीसांनी त्यांच्याकडून माहिती मिळवली. साधी गोष्ट वाटते, पण त्या काळी इतिहास लिहिणाऱ्या कितीजणांना सुचली? साक्षीदार जिवंत आहे, तर त्याला विचारा. पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला आम्हाला हेच शिकवतात.

या पुस्तकात एक पत्र छापलं आहे. मार्टिन नावाच्या इंग्रजानं १८८९ मध्ये आग्र्याहून दामोदररावांना लिहिलेलं. त्याचा आशय असा की, राणीचा त्या कत्तलीत काही हात नव्हता. पुढं राणीवर लिहिणाऱ्या अनेकांनी हे पत्र वापरलं आणि त्यावर कितपत विसंबावं यावर वादही घातला. मार्टिन स्वतः तिथं होता का? त्याला हे कसं ठाऊक? इतक्या वर्षांनी का लिहिलं? हे प्रश्न आज आपण विचारू शकतो, कारण पत्र छापलं गेलं. ते दामोदररावांच्या घरात कुठंतरी पडून राहिलं असतं तर वाद घालायलाही काही उरलं नसतं.

पुस्तक हिंदीतही गेलं. वृंदावनलाल वर्मांनी झाशीच्या राणीवर कादंबरी लिहिली, तेव्हा त्यांच्यासमोर पारसनीसांचं चरित्र होतं. वर्मांना त्यातली राणी पटली नाही. तिला नाइलाजानं लढावं लागलं हा सूर त्यांना मान्य नव्हता. म्हणून तर ते स्वतः शोधाला लागले. चांगल्या पुस्तकाचं हेही एक काम असतं. भांडायला उद्युक्त करणं.

रुमाल, दप्तरं आणि कसर

यानंतर पारसनीसांच्या आयुष्याला दिशा मिळाली. वाड्यांमध्ये जायचं आणि कागद बाहेर काढायचे. लाल-पांढऱ्या कापडात बांधलेले गठ्ठे, त्यांना रुमाल म्हणत. आत मोडीतली पत्रं, हिशेब, यादी. वर धूळ आणि कसर. काही घरांमध्ये पाणी गळून त्याचा लगदा झालेला. काही घरांतून तर हे कागद रद्दीत जात आणि वाण्याच्या पुड्या होत.

तुम्ही म्हणाल, मग लोक आनंदानं देत असतील. मुळीच नाही. १८५० च्या दशकात इनाम कमिशननं महाराष्ट्रातल्या घराण्यांना सनदा दाखवायला लावल्या होत्या आणि ज्यांचे कागद अपुरे निघाले त्यांची इनामं गेली होती. त्यामुळं कागद बघायला आलो म्हणणारा माणूस दारात दिसला की घरच्यांच्या पोटात गोळा यायचा. दाखवला तर जमीन जाईल, नाही दाखवला तर कसर खाईल. लोक दुसरा पर्याय निवडायचे.

पारसनीसांची खरी करामत इथं होती. त्यांना माणसं राखता येत. सरदार-संस्थानिकांशी ओळख, अधिकाऱ्यांशी ओळख, बोलणं गोड, चिकाटी मोठी. त्यांच्या हाती लागलेलं सगळ्यांत मोठं घबाड म्हणजे वाईजवळच्या मेणवलीचं नाना फडणविसांचं दप्तर. ‘स्वदेस’ सिनेमा पाहिला असेल तर मेणवलीचा कृष्णाकाठचा घाट आठवेल. त्या घाटावरच नानांचा वाडा. नाना १३ मार्च १८०० ला वारले. पेशवाईचा सगळा कारभार ज्याच्या हातून गेला त्याचे खासगी कागद शतकभर तिथं होते. दिल्लीपासून म्हैसूरपर्यंतच्या वकिलांची पत्रं त्यात होती. पारसनीसांमुळं ती अभ्यासकांपर्यंत पोचली.

१९०८ मध्ये त्यांनी ‘इतिहाससंग्रह’ नावाचं मासिक काढलं आणि सात-आठ वर्षं त्यातून कागद छापत राहिले. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचं चरित्र, मराठ्यांच्या आरमारावरचं पुस्तक, साताऱ्यावर आणि महाबळेश्वरवर इंग्रजी पुस्तकं. १९२१ मध्ये जुन्या पुण्यावरचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात शनिवारवाड्यातला दरबार, रेसिडेंट चार्ल्स मॅलेट, चित्रकार जेम्स वेल्स असं सगळं येतं. या पुस्तकांच्या प्रस्तावनांखाली पत्ता असे, हॅपी व्हेल, सातारा. मुंबई-पुण्याला न जाता साताऱ्याच्या पत्त्यावरून त्यांनी जगाशी व्यवहार केला.

सांगलीची बाजू

१९१७ मध्ये पारसनीसांनी सांगली संस्थानावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. सातारा खालसा झाला होता, सांगली मात्र पटवर्धनांची चालू होती. इथं आपल्या त्या तासगावच्या बंदुकीकडं पुन्हा वळता येतं.

तासगाव हे परशुरामभाऊ पटवर्धनांचं. १७९० मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध मराठे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले, तेव्हा भाऊंच्या फौजेबरोबर कॅप्टन लिटलची मुंबईहून आलेली इंग्रजी पलटण होती. दोघांनी मिळून धारवाडला वेढा घातला. तो महिनोन् महिने चालला. त्या पलटणीतल्या एडवर्ड मूर या अधिकाऱ्यानं या मोहिमेवर पुस्तक लिहिलं, ते १७९४ मध्ये छापलं गेलं. आता कल्पना करा, एकाच छावणीत दोन तऱ्हेच्या बंदुका. आपल्याकडं बहुतेक तोड्याची बंदूक. पेटती वात, म्हणजे तोडा, रंजकीला लावायचा आणि बार काढायचा. इंग्रजांकडं चकमकीची. तिच्यात घोड्याच्या जबड्यात गारगोटी कातड्यात गुंडाळून बसवलेली असते. चाप ओढला की गारगोटी पोलादी पट्टीवर आपटते, ठिणगी पडते, खालच्या पळीतली रंजक पेट घेते आणि आग नळीच्या कानातून आत जाते. आग आत पोचलीच नाही तर नुसतीच रंजक फुरफुरते. फुसका बार म्हणतो ना आपण, तो असा.

अशा सहवासातून, नजराण्यांतून, लुटीतून आणि सरळ खरेदीतून चकमकीच्या बंदुका सरदारांच्या घरी आल्या. शिकारीच्या बंदुका लंडनच्या नामवंत कारागिरांच्या असत. त्यांची नावं चापाच्या पट्टीवर कोरलेली असत. जोसेफ मॅंटन हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव. मग १८२० नंतर टोपीची बंदूक आली. गारगोटीऐवजी तांब्याची छोटी टोपी, पावसातही बार होणार. लोकांनी जुन्या चकमकी बदलून टोपीच्या करून घेतल्या. अशा तऱ्हेनं एकाच बंदुकीवर दोन-तीन पिढ्यांचे हात फिरलेले असतात.

नजर कशी तयार होते?

जुन्या वस्तूची कंडिशन ओळखणं म्हणजे ती किती चमकते हे बघणं नव्हे. नेमकं उलटं. माहीतगार माणूस आधी पट्टीवरचं कोरीव काम बघतो. रेघांच्या कडा धारदार आहेत की घासून मऊ झाल्या आहेत? मग लाकूड. कारागिरानं दस्त्याचं लाकूड धातूच्या पट्टीशी सरळ रेषेत बसवलेलं असतं. लाकूड पट्टीपेक्षा खाली गेलेलं दिसलं तर कुणीतरी ते तासून पॉलिश केलं आहे. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर अडाणी हातांनी ती उघडली आहे. नळीच्या कानाजवळ खड्डे असतील तर घाबरायचं कारण नाही. दारूची राख लोखंड खाते, वापरलेल्या बंदुकीला ते असायचेच. उलट बाकी सगळं झिजलेलं आणि तेवढी चकमक कोरी करकरीत असेल तर शंका घ्यायची. टोपीची केलेली बंदूक जास्त जुनी दिसावी म्हणून परत चकमकीची केली असण्याचा संभव. पट्टीवर बुजवलेली भोकं सापडली की चोरी पकडली.

कंपनी सरकारच्या फौजी बंदुकांवर आधी बदामाच्या आकाराचा शिक्का असे, १८०८ च्या सुमारास त्याजागी उभा सिंह आला. पण शिक्का दिसला म्हणून हुरळून जायचं नाही. वायव्य सरहद्दीवरच्या कारागिरांनी असे शिक्के आणि साल हुबेहूब नकली कोरून ठेवले आहेत.

आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ठासणीची जुनी बंदूक भरलेली असू शकते. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी बार ठासला आणि तो काढायचा राहून गेला, असं होतं. जाणकार नळीत लाकडी काठी हलकेच घालून किती आत जाते ते बघतो आणि तीच काठी बाहेरून नळीला लावतो. कानाच्या बरंच अलीकडं अडली तर आत काहीतरी आहे. हे तुम्ही-आम्ही करायचं नाही. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की माळ्यावरच्या बंदुकीचा घोडा ओढून रील बनवणं हा मूर्खपणा आहे.

पारसनीस कागदाकडं याच नजरेनं बघत. कागदाचा पोत, मोडीचं वळण, शिक्का, मोर्तब, मायना, तारीख. पत्र लिहिणाऱ्यानं ज्याला जसं संबोधायला हवं तसं संबोधलं आहे का? हिजरी आणि शक जुळतात का? जास्त स्वच्छ, जास्त सोयीचा कागद संशयास्पद. सोयीचे कागद बनवले जात, कारण त्यांच्यावर इनामं आणि वतनं टिकत.

वस्तूचा पूर्वेतिहास किती महत्त्वाचा असतो हे साताऱ्यानं अलीकडंच पाहिलं. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात प्रदर्शनाला आली, लोकांनी रांगा लावल्या. ती वाघनखं १८१८ नंतर साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफकडं होती. त्याच्या डबीवर तसं लिहिलेलं आहे. पण ती महाराजांनीच वापरलेली आहेत का, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. मधल्या दीडशे वर्षांचा धागा हातात नाही. वस्तू जपली गेली, धागा जपला गेला नाही.

साहेबांचा माणूस?

आता पारसनीसांची दुसरी बाजूही बघू. त्यांना रावबहादूर हा किताब मिळाला तो इंग्रज सरकारकडून. पुण्यातलं पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात होतं आणि बाकी संशोधकांना तिथं दार बंद असताना पारसनीसांना आत जायला मिळत होतं. गणेश चिमणाजी वाड यांनी त्या दप्तरातून निवडलेले उतारे पुढं छापले गेले, त्या कामातही त्यांचा हात होता. पुण्यातल्या मंडळींना हे खुपलं नसतं तरच नवल. सरकारशी गोडीत राहून मिळवलेला इतिहास कितपत आपला, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला.

तुलना करायला माणसंही तशीच तगडी होती. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायी हिंडत, कुणाचं मिंधेपण नको म्हणून अर्धपोटी राहत आणि ज्याचं पटलं नाही त्याला फाडून काढत. पारसनीसांच्या ब्रह्मेंद्रस्वामींचीही त्यांनी गय केली नाही. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे हायस्कूलमध्ये संस्कृत शिकवत आणि शाळा सुटल्यावर पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं उतरवत. ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावानं १८९७ पासून मरेपर्यंत त्यांनी ती खंडामागून खंड छापली. खरे आधी कागद पूर्ण छापत, मग त्यावर लिहीत. पारसनीसांचा कल निवडक, आकर्षक ते पुढं ठेवण्याकडं असे.

पारसनीसांनी चार्ल्स किंकेड या आयसीएस न्यायाधीशाबरोबर मराठ्यांचा इंग्रजी इतिहास लिहिला. १९१८, १९२२ आणि १९२५ मध्ये त्याचे तीन भाग निघाले. साधनं पारसनीसांची, लेखणी किंकेडची. मराठ्यांच्या कागदांवर आधारलेला मराठ्यांचा इतिहास ऑक्सफर्डच्या छापखान्यातून जगभर गेला. ग्रँट डफच्या पुस्तकानंतर जवळपास शंभर वर्षांनी. हेही त्या गोडीचंच फळ होतं, हे विसरता येत नाही.

मला विचाराल तर मी अजून ठरवलेलं नाही. राजवाडे जास्त आवडतात, सगळ्यांनाच आवडतात. ताठ माणसं आवडतातच. पण मेणवलीचं दप्तर ताठपणानं मिळालं असतं का? ज्या घरांत इनाम कमिशनची भीती बसली होती, तिथं साहेबांच्या ओळखीचा, संस्थानिकांत ऊठबस असणारा माणूस आत गेला आणि कागद वाचले. दुसरीकडं असंही आहे की एकाच माणसाच्या संग्रहात सगळं गेलं, की ते पाहायचं तर त्याच्या मर्जीवर. वाचवणं आणि ताब्यात घेणं यातली रेघ पुसट असते. आज जुन्या वस्तू जमवणाऱ्या प्रत्येकाला ही रेघ आडवी येते.

साताऱ्यातून पुण्याला

पारसनीसांना हे उमगलं असावं. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांचा संग्रह खासगी न राहता साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयाच्या रूपानं सरकारच्या छत्राखाली आला. राज्य गमावलेल्या गावाला निदान राज्याचे कागद तरी मिळाले. ३१ मार्च १९२६ ला ते वारले, वय ५५. मिरजेचे खरे १९२४ मध्येच गेले होते. राजवाडे त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९२६ ला गेले. तीन वर्षांत एक अख्खी पिढी उठून गेली. पेशवे दप्तर खऱ्या अर्थानं उघडलं ते त्यानंतर. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यातले ४५ खंड काढले, ते १९३० नंतर.

साताऱ्याचा संग्रह मात्र साताऱ्यात टिकला नाही. १९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं आणि संग्रह तिकडं गेला. आज तो येरवड्याच्या बाजूला, डेक्कन कॉलेजच्या मराठा इतिहास संग्रहालयात आहे. कागद सुरक्षित आहेत, अभ्यासक येतात, पीएचड्या होतात. पण साताऱ्यातल्या कॉलेजच्या मुलाला साताऱ्याच्या माणसानं जमवलेले कागद बघायला पुण्याची गाडी पकडावी लागते. मेणवलीचा वाडा पाहणाऱ्या दहातल्या एकाला तरी त्यातले कागद कुठं गेले हे माहीत असेल का? बरं, मोडी वाचता येणारे आपल्यातले किती?

आपल्या माळ्यावर

हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं. तरी आपल्या घरी ही शर्यत चालूच आहे. वाडे पाडून फ्लॅट होताहेत. ट्रक येतो आणि ट्रंकेतलं सगळं भंगारात किंवा रद्दीत जातं. भंगारवाल्याला लोखंडाचा भाव ठाऊक, अक्षरांचा नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी. जुनी वस्तू दिसली तर आधी फोटो काढा. सगळ्या बाजूंनी, अक्षरं आणि शिक्के जवळून. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की ही कुठून आली आणि त्याचं सांगणं रेकॉर्ड करा. वस्तूचा धागा तिथं असतो आणि तो वस्तूपेक्षा आधी तुटतो. धातू घासू नका. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, फार तर तेलाचा हलका हात. मोडी कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. बंदूक असेल तर तिला हात लावण्याआधी जाणकाराला दाखवा आणि कायदा समजून घ्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जी पुरातन किंवा मोडकी बंदूक दुरुस्त करूनही चालणार नाही तिला सूट आहे. चालू शकणारी ठासणीची असली तरी तिला परवाना लागतोच. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. पंचाहत्तर वर्षांवरची हस्तलिखितंही त्यात येतात. कुणी परदेशात पाठवतो म्हणाला तर तो बेकायदा बोलतो आहे.

पारसनीसांकडं मोबाईल नव्हता. पदवी नव्हती. जे होतं ते एवढंच की समोरच्या जुन्या गोष्टीत काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते वाचेपर्यंत तिला कुणी पुसू नये, ही घाई.

त्या मित्राला मी शेवटी फोन केला. पट्टीवरची अक्षरं आता येणार नाहीत. पण नळीची खालची बाजू दस्त्यात झाकलेली असते, तिथं पॉलिश पेपर पोचत नाही. कारागिराचा आणि तपासणीचा शिक्का बरेचदा तिथंच असतो. जाणकारानं ती नळी दस्त्यातून सोडवली तर काहीतरी सापडेलही. मामा तयार झाले आहेत. येत्या खंडेनवमीला ती बंदूक घासायची नाही, नुसती फुलं वाहायची, एवढं आजीनं जाहीर करून टाकलं आहे.